रुग्णसेविकेची परीक्षा रुग्णाच्या खाटेजवळच व्हावी

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

पक्षाघात झालेला, खुब्याचे हाड मोडलेला किंवा स्मृतिभ्रंशाने अंथरुणाला खिळलेला माणूस रुग्णालयातून घरी यायचा ठरला की घरच्यांचा पहिला फोन ब्युरोला, म्हणजे घरी रुग्णसेविका पुरवणाऱ्या संस्थेला जातो. संध्याकाळपर्यंत बारा किंवा चोवीस तासांच्या ड्युटीवर एक मावशी नाहीतर दादा हजर होतात. रुग्णालयात जे काम तीन-चार वर्षे शिकलेली परिचारिका करत होती, त्यातले बरेचसे या बाईंवर येते: नाकातल्या नळीतून अन्न, लघवीची पिशवी, कूस बदलणे, साखर तपासणे, कधीकधी इन्सुलिनसुद्धा. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातले ९.९ टक्के लोक साठीच्या पुढचे होते, देशात ८.६ टक्के. तेव्हापासून हा आकडा वाढतच चालला आहे आणि घरातली माणसे कमी होत चालली आहेत. त्यामुळे या सेविकांना कोण शिकवते, कसे शिकवते आणि शिकलेले तपासते कोण, हा आता खासगी घरांपुरता प्रश्न राहिलेला नाही.

अभ्यासक्रम नाहीत असे नाही. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचा रुग्णसहायक शिक्षणक्रम आहे. आरोग्य क्षेत्राच्या कौशल्य परिषदेचे जनरल ड्युटी असिस्टंट आणि होम हेल्थ एड हेही आहेत. त्यांना आमचा विरोध नाही. अडचण अशी की शिकवले जाते ते वर्गात, पुतळ्यावर, किंवा रुग्णालयातल्या अशा खाटेवर जिची उंची हँडलने बदलता येते, जिच्या दोन्ही बाजूंनी उभे राहता येते आणि हाकेच्या अंतरावर दुसरे कोणीतरी असते. घरी असतो भिंतीला टेकवलेला बुटका दिवाण, मऊ कापसाची गादी, संडासच्या दारात उंबरा आणि मदतीला सत्तरीतली पत्नी. वर्गात पैकीच्या पैकी गुण मिळवलेली सेविका या दिवाणापाशी पहिल्याच दिवशी रुग्णाला काखेत हात घालून उचलते. पक्षाघाताच्या रुग्णात खांद्याचे स्नायू लुळे असतात, सांधा फक्त अस्थिबंधांवर लटकलेला असतो. अशा वेळी काखेतून दिलेली ओढ खांदा निखळवायला पुरते आणि ते दुखणे पुढे महिनोन्महिने व्यायामाच्या आड येते. चाकाची खुर्ची चांगल्या बाजूला लावायची, ब्रेक आणि पायठेवणी आधी तपासायची, रुग्णाचे पाय जमिनीवर टेकवायचे आणि कमरेच्या पट्ट्याला धरून उभे करायचे, हे तिला ऐकून ठाऊक असते. ते त्या खोलीत, त्या उंचीवर, त्या माणसाबरोबर तिने कधी केलेले नसते.

बेडसोर, म्हणजे पडून राहून सतत दाबाने होणारी जखम, याबाबतीत हे अंतर सर्वांत महागात पडते, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर लिहितो. ‘दर दोन तासांनी कूस बदला’ हे सगळ्यांना पाठ आहे. घोळ होतो तो कूस कशी बदलायची यात. रुग्णाला पूर्ण आडवा, नव्वद अंशांत एका कुशीवर झोपवले की सगळा भार खुब्याच्या टोकावर येतो आणि माकडहाडावरची जखम टाळता टाळता खुब्यावर नवी होते. झुकवायचे ते साधारण तीस अंश. पाठीमागे लांब उशी, आणि मग तळहात माकडहाडाखाली सरकवून ते गादीवरून सुटले आहे ना हे बघायचे. टाचांसाठी उशी पोटरीखाली हवी, म्हणजे टाच हवेत राहते. घरोघर ती नुसती घोट्याखाली किंवा गुडघ्याखाली दिसते. रबरी किंवा कापडी गोल चकती ढुंगणाखाली देण्याची पद्धत अजून गेलेली नाही. त्या चकतीच्या कडा भोवतालचा रक्तपुरवठा दाबतात आणि मधली त्वचा आणखी उपाशी पडते. लाल झालेल्या जागेवर स्पिरिट चोळणे, पावडर थापणे, जोरात मालिश करणे हेही तसेच नुकसानीचे. बोटाने तीन सेकंद दाबून सोडावे. लाली क्षणभर पांढरी पडून परत आली तर रक्त फिरते आहे. पांढरी पडलीच नाही तर ती जखमेची पहिली पायरी समजावी आणि त्या जागेवरचा भार पूर्ण काढावा. सावळ्या त्वचेवर लाली दिसतच नाही, म्हणून तिथली त्वचा शेजारच्यापेक्षा गरम, टणक किंवा अधिक काळसर लागते का, हे हाताने पाहायला शिकवावे लागते. हे चित्र दाखवून येत नाही. हात तिथे ठेवावा लागतो.

हवेची गादी आणली की कूस बदलायची गरज नाही, असे विक्रेतेही सांगतात आणि नातेवाईकही खूश होतात. गादी मदत करते, पण तिच्यावर गोधडी, रबरी शीट, त्यावर चादर आणि वर दोन डायपर घातले की तिचा उपयोग जवळजवळ संपतो. पंपाचे बटण रुग्णाच्या वजनाप्रमाणे लावायचे असते. ते शेवटपर्यंत फिरवून ठेवले तर गादी फळीसारखी घट्ट होते. तपासायची रीत सोपी आहे: ढुंगणाच्या खाली, गादीच्या खालून तळहात घालावा, वर साधारण इंचभर हवेचा थर जाणवला पाहिजे. हाड हाताला लागले तर गादी बसली आहे. वीज गेली की ती बसणारच, आणि भारनियमन असलेल्या गावात रात्रीची जबाबदारी पुन्हा कूस बदलण्यावरच येते.

आता एक पेच असा की जो वर्गात क्वचितच सांगितला जातो. नाकातल्या नळीने अन्न देताना आणि त्यानंतर तासभर डोके-छाती तीस ते पंचेचाळीस अंश वर हवी, नाहीतर अन्न उलटून फुप्फुसात जाते. पण तसे टेकवून बसवले की रुग्ण हळूहळू खाली घसरतो आणि माकडहाडावरची कातडी आतल्या आत ताणली जाते. मग सेविका काखेत हात घालून त्याला वर ओढते, म्हणजे कातडी पुन्हा घासते. दोन नियम एकमेकांवर आदळतात तेव्हा काय करायचे, हे तिला कोणीतरी करून दाखवायला हवे. बसवण्याआधी गुडघ्यांखाली उशी देऊन ते थोडे वर घ्यायचे. अन्नाची वेळ आणि पुढचा तास संपला की डोके पुन्हा खाली करायचे, दिवसभर तसेच ठेवायचे नाही. वर सरकवायचे झाल्यास खाट सपाट करून खांद्यापासून मांडीपर्यंतच्या आडव्या चादरीला दोघांनी धरून उचलायचे. दुसरे कोणी नसेल तर घसरत्या नायलॉनच्या कापडाची, दोन्ही टोके उघडी असलेली नळीसारखी चादर कोणताही शिंपी शिवून देतो. ती अंगाखाली घालून एकटी बाईही रुग्णाला सरकवू शकते. फक्त काम झाले की ती काढून घ्यायची, नाहीतर रुग्ण तिच्यावरूनच खाटेखाली घसरेल. या शोधाला ना मोबाइल लागतो ना गुंतवणूकदार.

नळीबद्दल एवढेच की सिरिंजने हवा सोडून स्टेथोस्कोपने पोटात ‘गुडगुड’ ऐकण्याची पद्धत भरवशाची नाही. नळी फुप्फुसात असली तरी आवाज येऊ शकतो. नळीचे टोक पाण्यात बुडवून बुडबुडे पाहणे त्याहून धोक्याचे. नाकपुडीशी नळीवर कोणता आकडा आहे तो पहिल्या दिवशी लिहून ठेवावा आणि दर वेळी पाहावा. तोंड उघडून घशात नळीची गुंडाळी झाली नाही ना हे पाहावे. सिरिंजने थोडा रस ओढून आम्लता मोजणाऱ्या पीएच पट्टीवर टाकावा (आकडा जितका कमी, तितकी आम्लता जास्त). साडेपाच किंवा त्याहून कमी आला तर नळी पोटात असल्याचा चांगला पुरावा. आपल्याकडे बहुतेक रुग्णांना आम्लपित्ताची गोळी चालू असते, त्यामुळे आकडा जास्त येऊ शकतो. अशा वेळी अंदाजाने अन्न सोडायचे नाही, परिचारिकेला विचारायचे. अन्न देताना सिरिंजचा दट्ट्या काढून, नळी पोटापेक्षा फूट-दीड फूट उंच धरून, दोनशे ते अडीचशे मिली अन्न पंधरा-वीस मिनिटांत आपोआप उतरू द्यायचे. आधी आणि नंतर तीस मिली पाणी. खोकला लागला, श्वास घुसमटला किंवा चेहरा निळसर झाला तर लगेच थांबायचे. सगळ्या गोळ्या एकत्र कुटून दुधात कालवल्या की नळी बंद पडते. प्रत्येक गोळी वेगळी, मधे दहा-पंधरा मिली पाणी; आणि सावकाश विरघळणाऱ्या किंवा आतड्यात विरघळण्यासाठी आवरण दिलेल्या गोळ्या कुटायच्याच नाहीत, डॉक्टरांकडून पर्याय लिहून घ्यायचा. नाचणीची पेज आणि केळे बारीक गाळणीतून गाळल्याशिवाय नळीत जाऊ नये, हे तर स्वयंपाकघरातच शिकवायला हवे.

लघवीच्या पिशवीचा नियम एका वाक्यात मावतो: पिशवी कायम मूत्राशयाच्या खाली, पण जमिनीवर नाही. तो मोडतो नेमका खुर्चीत बसवताना, कारण हात मोकळे हवेत म्हणून पिशवी रुग्णाच्या मांडीवर ठेवली जाते आणि साचलेली लघवी उलटी जाते. नळीच्या बाजूने लघवी गळू लागली की ‘जाड नळी घाला’ अशी मागणी होते. बहुतेकदा नळी दुमडलेली असते, आत गाळ अडकलेला असतो किंवा रुग्णाला चार दिवस शौचाला झालेली नसते.

इन्सुलिनमध्ये मात्र चूक जिवावर बेतू शकते. आपल्याकडे कुप्यांमध्ये ४० युनिटचे इन्सुलिनही मिळते आणि १०० युनिटचेही. ४० च्या सिरिंजला लाल टोपण असते, १०० च्या सिरिंजला नारिंगी. १०० युनिटच्या कुपीतले इन्सुलिन ४० च्या सिरिंजने ‘वीस’ खुणेपर्यंत भरले तर रुग्णाला वीसऐवजी पन्नास युनिट जातात. म्हणजे अडीचपट. उलट केले तर आठच युनिट जातात आणि साखर का उतरत नाही, याचा शोध दुसरीकडेच चालू राहतो. सेविकेने कुपीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा मोठ्याने वाचून दाखवायचा, मगच भरायचे. घाम, थरथर, बरळणे दिसले आणि रुग्ण गिळू शकत असेल तर तीन चमचे साखर पाण्यात, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालायचे नाही. या तीन ओळी मोठ्या अक्षरांत फ्रिजवर चिकटवलेल्या असाव्यात.

यातले काहीही अवघड नाही, तरी चुका टिकून राहतात. त्याची कारणे सेविकेच्या हुशारीत शोधण्यात अर्थ नाही. ती शिकते तिच्या आधीच्या सेविकेकडून, आणि आधीची तिच्या आधीचीकडून. ब्युरो दर काही दिवसांनी माणूस बदलतो, त्यामुळे एका घरात कमावलेले ज्ञान दुसऱ्या घरी जाते आणि या घरात पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होते. डिस्चार्ज कार्डावर औषधे असतात. कूस, नळी, बसवणे-उठवणे याबद्दल बहुधा एक ओळ, तीही इंग्रजीत. नळीचे प्रात्यक्षिक सकाळी मुलाला दाखवले जाते, सेविका रुजू होते संध्याकाळी. दाखवणारी परिचारिका विचारते, ‘समजलं ना?’ आणि उत्तर ‘हो’ असेच येते. ‘आता तुम्ही करून दाखवा’ म्हटले असते तर खरे काय ते दोन मिनिटांत कळले असते. रात्री दोन वाजता शंका आली तर विचारायला कोणी नाही. आणि सेविका जे करते ते बरोबर आहे की नाही, हे तिला जखम झाल्यावरच कळते.

शिकवण्याची योग्य रीत शोधायला परदेशात जायची गरज नाही. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेडला काम सुरू केले, तेव्हा गावांनी निवडलेल्या, अनेकदा निरक्षर असलेल्या बायका नियमितपणे जामखेडला येऊन थोडे शिकत, गावात जाऊन करत, आणि आलेल्या अडचणी घेऊन परत येत. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने पाचवी ते दहावी शिकलेल्या गावातल्या स्त्रियांना घरी जाऊन नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवले. ३९ गावांत हे काम झाले आणि तिसऱ्या वर्षी तिथला नवजात मृत्युदर, ज्या गावांत ते झाले नाही त्यांच्या तुलनेत, ६२ टक्क्यांनी घटलेला दिसला. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने तो अभ्यास छापला. बाळाचे श्वास मोजणे ज्यांना जड जाते त्यांच्यासाठी दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचे साधे साधन तिथे वापरले गेले. नवे साधन म्हणतात ते असे: करणारीला नेमके कुठे अडते हे पाहून बनवलेले. २०११ मध्ये केंद्र सरकारने ‘आशा’ या गावपातळीवरच्या आरोग्यसेविकांमार्फत हीच गृहभेटींची पद्धत देशभर नेली. रुग्णालयात जन्मलेल्या बाळाकडे तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी भेट. आशांचे त्यासाठीचे वीस दिवसांचे प्रशिक्षण एका दमात उरकायचे नव्हते. ते पाच-पाच दिवसांच्या चार फेऱ्यांत आखले गेले, म्हणजे मधल्या काळात हाताला सराव व्हावा. बाळांसाठी जे आपण करून दाखवले ते म्हाताऱ्यांसाठी करायला अडचण कसली?

आमची सूचना मोजक्या गोष्टींची आहे. प्रत्येक सेविकेकडे तिच्या मालकीची एक कौशल्यवही असावी. ब्युरोच्या कपाटात नव्हे, तिच्या पिशवीत. त्यात दहा-बारा कामे: कूस बदलणे, त्वचा पाहणे, खाटेवरून खुर्चीत नेणे, नळीने अन्न, तोंडाने भरवणे, लघवीची पिशवी, अंथरुणातच अंघोळ, तोंडाची स्वच्छता, साखर तपासणे, पडल्यावर काय करायचे. प्रत्येक काम परिचारिकेने प्रत्यक्ष रुग्णावर, वेगवेगळ्या तीन वेळी बरोबर होताना पाहिले की त्यापुढे सही. ती सही झाल्याशिवाय ते काम एकटीने करायचे नाही. इन्सुलिन टोचणे आणि गळ्यातल्या श्वासाच्या नळीची काळजी यांना वेगळी पाने, अधिक कडक अटींची.

परिचारिकेची भेट घरी आल्यापासून चोवीस तासांच्या आत, मग तिसऱ्या दिवशी, आठवड्याने आणि नंतर पंधरवड्याने. भेटीत पहिली पंधरा मिनिटे तिने नुसते पाहावे, बोलू नये. मग एकच गोष्ट सुधारावी आणि ती पुन्हा करून घ्यावी. एका भेटीत सहा चुका सांगितल्या तर एकही सुधारत नाही. घरच्यांसमोर सेविकेला झापणे तर अजिबात नको. तसे झाले की पुढच्या वेळी ती लाल झालेली त्वचा दाखवायचीच टाळते. भिंतीवर एक तक्ता: वेळ, कूस डावी-उजवी, त्वचा, अन्न किती मिली, लघवी किती मिली, शौच. दिवसपाळी आणि रात्रपाळीने तो एकत्र उभे राहून पाच मिनिटे वाचायचा आणि त्वचा दोघींनी मिळून पाहायची. चार तासांत पिशवीत लघवी नाही, नळीवरचा आकडा बदललेला, ताप, अचानक सुस्ती, न पांढरी पडणारी लाली: यातले काही दिसले तर फोन कोणाला, तो नंबर त्याच तक्त्यावर.

सध्या या क्षेत्रात ‘नावीन्य’ म्हणून जे विकले जाते त्यात हजेरीचे सेल्फी, ठिकाण दाखवणारी अॅप आणि नातवंडांना परदेशात दिसणारा कॅमेरा यांचा भरणा आहे. मुलगा न्यू जर्सीत आणि आई सांगलीत असेल तर त्याची काळजी आम्ही समजू शकतो. पण कॅमेऱ्याने सेविका खोलीत आहे एवढेच कळते, माकडहाड गादीवरून सुटले आहे का ते कळत नाही. फोनचा खरा उपयोग जखमेचा फोटो शेजारी मोजपट्टी ठेवून, चेहरा न दाखवता आणि घरच्यांच्या परवानगीने परिचारिकेला पाठवणे हा आहे. किंवा सही झालेल्या कामाचे दीड मिनिटाचे, त्याच घरातले, मराठीतले चित्रीकरण पुढच्या सेविकेसाठी ठेवणे.

पैसे कोण देणार, हा प्रश्न येणारच. प्रशिक्षणाला जायचे म्हणजे सेविकेचा दिवसाचा रोज बुडतो, म्हणून तिने सुट्टी काढून वर्गाला यावे ही अपेक्षा फोल आहे. शिकणे ड्युटीवर, पगारी वेळेतच व्हायला हवे. ब्युरो रुग्णाच्या घरून नोंदणी शुल्क आणि सेविकेच्या पगारातून कमिशन असे दोन्हीकडून घेत असेल, तर परिचारिकेच्या भेटींचा खर्च त्यातूनच निघायला हवा, आणि महापालिकांनी ब्युरोंच्या नोंदणीला ही अट घालावी. खेड्यात ब्युरो नाही. तिथे सून आणि मुलगीच सेविका. आयुष्मान आरोग्य मंदिरांच्या, म्हणजे सरकारी प्राथमिक आरोग्य सेवेच्या केंद्रांच्या, बारा सेवांमध्ये वृद्धांची काळजी आणि वेदनाशामक उपचार कागदावर आहेतच. तिथल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याने आठवड्यातला एक दिवस खाटेवरच्या रुग्णांच्या घरी द्यावा, वही तीच वापरावी. केरळने २००८ मध्ये वेदनाशामक उपचारांसाठी धोरण केले आणि पंचायतींमार्फत परिचारिका घरोघर पाठवल्या. महाराष्ट्रातल्या जिल्हा परिषदांना ते जमणार नाही असे मानायला काही आधार नाही.

तोवर ज्यांच्या घरी आज सेविका आहे त्यांनी ब्युरोला तीन गोष्टी लेखी विचाराव्यात: हिने कोणती कामे कोणत्या परिचारिकेसमोर करून दाखवली आहेत, ती परिचारिका आमच्या घरी कधी येणार, आणि सेविका बदलताना जुनी-नवी एका पाळीला एकत्र थांबतील का. तिसऱ्यासाठी अर्ध्या दिवसाचे जादा पैसे मागितले तर द्यावेत. बेडसोरच्या मलमपट्टीपेक्षा ते फार स्वस्त पडतात.

आपले,
गृहपरिचर्येचे प्रशिक्षण देणाऱ्या काही परिचारिका आणि फिजिओथेरपिस्ट, पुणे